पेटी आपली, आवाज भाड्याचा

महाराष्ट्रातील काही घरांच्या माळ्यावर आणि दुकानांच्या पोटमाळ्यावर आजही एक वस्तू धूळ खात पडलेली सापडते. दिसायला ती लहानशा रेडिओसारखी असते. तिला एक लांब काळी तार जोडलेली असते आणि तारेच्या टोकाला तळहाताएवढी चपटी, चौकोनी अँटेना असते. वीज जोडली तर दिवा लागतो, छोट्या पडद्यावर अक्षरे उमटतात, परंतु वाहिनी काही लागत नाही. दुरुस्तीला नेली तर कारागीर ती उघडून पाहतो आणि तशीच परत करतो, कारण आत काही बिघडलेलेच नसते. ३१ डिसेंबर २००९ नंतर भारतात या संचासाठी होणारे प्रक्षेपण थांबले. संच मालकाचाच राहिला. त्यातून येणारा आवाज मात्र दुसऱ्याचा होता.

हा संच वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओसेवेचा. ज्यांच्या घरी किंवा पेढीवर तो होता, त्यांना त्यावरची जुनी गीते आणि रागसंगीत अजून आठवते. ही सेवा कशी चालत होती, ती हातात घेऊन फिरता यावी यासाठी जगात काय काय खटाटोप झाला आणि एवढी देखणी व्यवस्था बंद का पडली, ही हकीकत व्यापार करणाऱ्या कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी आहे. तिच्यात संगीताइतकाच हिशेबही आहे.

वर्ल्डस्पेसचे संस्थापक नोआ समारा यांचा जन्म इथिओपियातील अदिस अबाबा येथला. ते व्यवसायाने वकील. आफ्रिकेत एड्सचा फैलाव होत असताना त्याविषयीची साधी माहितीसुद्धा खेड्यापाड्यांत पोहोचत नाही, ही बोच त्यांच्या मनात होती. तारा नाहीत, टॉवर नाहीत, वृत्तपत्रे पोहोचत नाहीत. अशा प्रदेशावर आकाशातूनच बोलावे, या विचाराने त्यांनी १९९० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन येथे कंपनी उभारली. आफ्रिस्टार हा पहिला उपग्रह २८ ऑक्टोबर १९९८ रोजी सोडण्यात आला. आशियासाठीचा एशियास्टार हा उपग्रह फ्रेंच गयानातील कुरू येथून, भारतीय वेळेनुसार २२ मार्च २००० च्या पहाटे, एरियन ५ अग्निबाणावर स्वार झाला. त्याच अग्निबाणावर आपला इन्सॅट ३बी हा उपग्रहही होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नाही.

विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, १०५ अंश पूर्व रेखांशावर एशियास्टार स्थिरावला. तेथून तो १४६७ ते १४९२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ध्वनिलहरींचे अंकीय संकेत खाली पाठवी. छतावर मोठी थाळी बसवावी लागत नसे, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य. उपग्रहाची शक्ती ठरावीक प्रदेशावर एकवटलेली होती आणि ध्वनी बराच आकुंचित करून पाठवला जाई, त्यामुळे लहान अँटेनाही पुरे. आणखी एक सोय महाराष्ट्रासारख्या पावसाळी प्रदेशाला विशेष मानवणारी होती. घरगुती डिश टीव्हीचे चित्र धुवाधार पावसात गोठते, कारण त्याच्या लहरी फार आखूड असतात आणि पाण्याचे थेंब त्या शोषून घेतात. उपग्रह रेडिओच्या लहरी त्यामानाने लांब असल्याने श्रावणातल्या झडीतही गाणे अडखळत नसे.

पावसाला न जुमानणाऱ्या या लहरी भिंतीपुढे मात्र हात टेकत. अँटेनाला आकाशाचा तो नेमका तुकडा उघडा दिसावा लागे. मुंबईहून पाहिले तर एशियास्टार आग्नेय दिशेस, किंचित पूर्वेकडे झुकलेला, क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंचीवर होता. म्हणजे क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या जवळपास मध्यावर. ज्यांच्या घराची खिडकी आग्नेयेला उघडत असे आणि समोर दुसरी इमारत नसे, त्यांचे भाग्य उजळे. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या पश्चिममुखी महागड्या सदनिकांत हा संच मुका राही, तर मागच्या गल्लीतल्या साध्या खोलीत तो सुरेल गाई. जागेच्या किमतीचा आणि आवाजाचा असा उलटा व्यवहार मुंबईत क्वचितच पाहायला मिळतो.

म्हणून हे संच पोर्टेबल म्हणवले जात तेव्हा त्या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागे. पेटी उचलून गावाला नेता येई, दुकानातून घरी आणता येई, अंगणात किंवा गच्चीवर ठेवता येई. पण पोहोचल्यावर दिशा शोधावी लागे, अँटेना टेकवावी लागे, पडद्यावरच्या संकेतपट्ट्या वाढतात का ते पाहावे लागे आणि मग हलू नये. चालता चालता ऐकणे जवळपास अशक्यच. झाडाची दाट फांदी आड आली तरी आवाज तुटे. अंकीय प्रक्षेपणाचा स्वभावच तसा आहे. जुन्या मध्यमलहरींच्या रेडिओवर केंद्र दूर गेले की खरखर वाढे, पण गाणे खरखरीमागून तरी ऐकू येई. येथे आवाज एक तर स्वच्छ, नाही तर संपूर्ण शांतता.

एवढी अडचण सोसूनही लोक या संचाकडे का वळले? त्या काळचे रेडिओविश्व आठवले तर उत्तर मिळते. खाजगी एफएम केंद्रे २००१ पासून सुरू झाली, पण आरंभी ती मोजक्या शहरांतच होती. एफएमच्या लहरी पाच-पन्नास किलोमीटरच्या पुढे फारशा जात नाहीत. शिवाय बहुतेक केंद्रे नव्या चित्रपटगीतांभोवती आणि जाहिरातींभोवती फिरत. उपग्रहाला मात्र मुंबई आणि सांगली सारखीच. सोलापूरच्या कापडपेठेत, कोल्हापूरच्या गूळबाजारात आणि बंगळुरूच्या कार्यालयात एकच वाहिनी एकाच क्षणी, एकाच स्वच्छतेने ऐकू येई. ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गीते, ‘गंधर्व’वर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, ‘श्रुती’वर कर्नाटक संगीत, ‘फलक’वर गझल आणि मराठी श्रोत्यांसाठी ‘सुरभि’. बहुतेक संगीतवाहिन्यांवर जाहिराती नसत. आरंभीच्या काळानंतर सेवेला वर्गणी लागू झाली. ए. आर. रहमान यांनी या सेवेसाठी खास धून रचली आणि तिच्या जाहिरातींत ते झळकले. जगभरच्या वर्गणीदारांपैकी बहुसंख्य भारतातच होते.

सकाळी दुकान उघडल्यावर गल्ल्याशेजारी मंद आवाजात चालणारा रागविस्तार, दुपारच्या निवांत वेळी जुन्या गाण्यांची साथ, ही गोष्ट आज मामुली वाटेल. पण कॅसेट बदलावी लागत नाही, जाहिरात मध्ये येत नाही आणि निवेदकाची बडबड नाही, हे सुख त्या काळी खरोखर दुर्मिळ होते. त्यासाठी लोक पैसे मोजण्यास तयार होते. भारतीय ग्राहक आवाजासाठी पैसे देत नाही, हा समज या सेवेने काही प्रमाणात तरी खोटा ठरवला.

याच सुमारास अमेरिकेत हा व्यवसाय वेगळ्या वाटेने वाढत होता. तेथील दूरसंचार आयोगाने १९९७ मध्ये उपग्रह रेडिओचे दोन परवाने लिलावाने दिले. प्रत्येक परवान्याची किंमत आठ कोटी डॉलरच्या पुढे गेली. त्यांतून पुढे एक्सएम आणि सिरियस या दोन कंपन्या उभ्या राहिल्या. एक्सएमच्या उभारणीच्या काळात वर्ल्डस्पेसचाही तिच्यात वाटा होता. एक्सएमची सेवा सप्टेंबर २००१ मध्ये सुरू झाली, सिरियसची २००२ मध्ये. एक्सएमचे दोन उपग्रह विषुववृत्तावर स्थिर होते. त्यांची नावे ‘रॉक’ आणि ‘रोल’. सिरियसने तीन उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत असे फिरवले की त्यांतील कोणता ना कोणता उत्तर अमेरिकेच्या आकाशात उंचावर असावा.

दोघांचेही खरे लक्ष मोटारीकडे होते. अमेरिकन माणूस रोज तासन्‌तास गाडीत असतो आणि महामार्गावर आकाश मोकळे असते. उंच इमारतींच्या शहरांत उपग्रह दिसत नाही, तेथे जमिनीवर पुनःप्रक्षेपक उभारले गेले. पुलाखालून जाताना आवाज तुटू नये म्हणून एक्सएमने एक सुरेख युक्ती केली. तोच कार्यक्रम दोन्ही उपग्रहांवरून पाठवला जाई, पण एकावरून सुमारे चार सेकंद उशिरा. एकाचा संकेत पुलाने अडवला तर तेच सूर दुसऱ्याकडून मागाहून येत, आणि ऐकणाऱ्याला कळतही नसे. भारतात पुनःप्रक्षेपकांचे असे जाळे व्यापारी पातळीवर कधी उभे राहिले नाही. त्यामुळे येथला संच खिडकीलाच बांधलेला राहिला.

गाडीतला आवाज खिशात कसा आणावा, हा पुढचा प्रश्न. २००४ च्या अखेरीस डेल्फी कंपनीचा मायफाय हा संच बाजारात आला. उपग्रह रेडिओ थेट ऐकता येणारा हा पहिला खिशात मावणारा संच. किंमत ३५० डॉलर. बॅटरी आत, अँटेना आत, आणि सुमारे पाच तासांचे कार्यक्रम साठवण्याची सोय. ही साठवण वरवर जादा सुविधा वाटते, पण ती खरे पाहता कबुली होती. चालणाऱ्या माणसाचे शरीरच उपग्रह आणि संच यांच्यात आडवे येते. तो इमारतीत शिरतो, भुयारी रेल्वेत उतरतो, जिना चढतो. प्रत्येक वेळी आकाश हरवते. म्हणून मोकळ्यावर असताना साठवावे आणि आत गेल्यावर ऐकावे. पुढे सिरियसच्या स्टिलेटो या संचासाठी डोक्यावरच्या हेडफोनच्या पट्टीतच अँटेना बसवण्यात आली, कारण माणसाच्या देहात आकाशाला सर्वांत जवळची जागा तीच.

साठवण आली आणि तिच्याबरोबर कज्जाही आला. २००६ मध्ये एक्सएमसाठी पायोनियरने काढलेल्या इनो या संचात सुमारे ५० तासांचे संगीत साठवता येई आणि त्यातले हवे ते गाणे वेगळे काढून पुन्हा ऐकता येई. ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी मे २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा गुदरला. त्यांचे म्हणणे असे की प्रसारणाचा परवाना घेऊन ही कंपनी गाण्यांची विक्रीच करीत आहे. एक्सएमचा बचाव वाचण्यासारखा आहे. साठवलेले गाणे संचाबाहेर काढता येत नाही आणि वर्गणी थांबली की ते वाजतही नाही. मग ही विक्री कशी? २००७ आणि २००८ मध्ये एकेका कंपनीशी तडजोडी होऊन वाद मिटला. पण ग्राहकाच्या नजरेने पाहिले तर त्या बचावात एक बोचरे सत्य होते. आपण संच विकत घेतला, त्यात आपण निवडून गाणी भरली, आणि तरीही ती आपली नव्हती.

इतकी कारागिरी पणाला लावूनही खिशातला उपग्रह रेडिओ रुजला नाही. तोवर आयपॉड होता, ज्यात गाणी स्वतःची आणि आकाशाची गरज नाही. आणि २००७ पासून स्मार्टफोन आला, ज्याला जागोजागीचे मोबाइल टॉवर घरातही संकेत पुरवत. खिशातल्या संचासाठी केलेली सारी खटपट फोनच्या आगमनाने दोन-तीन वर्षांत निरर्थक ठरली. जून २००९ मध्ये सिरियस एक्सएमने स्वतःच आयफोनसाठी ॲप काढले. जपानमध्ये फोन व हातातील संचांसाठी काढलेली मोबाहो ही उपग्रहसेवा मार्च २००९ मध्ये बंद झाली. कोरियातील तशीच सेवा २०१२ पर्यंत तग धरून होती.

आता हिशेबाची बाजू. उपग्रह हा असा माल आहे की त्याचा सारा खर्च पहिल्या दिवशी होतो आणि त्याचे आयुष्य साधारण पंधरा वर्षांचे असते. एक ग्राहक असो वा एक कोटी, उपग्रहाला तितकीच वीज लागते आणि कर्जाचे व्याज तितकेच चढते. दुकानाचे भाडे परवडत नसेल तर लहान गाळा घेता येतो. आकाशात लहान गाळा नसतो. म्हणून या धंद्यात ग्राहकसंख्येचा मोठा टप्पा झटपट गाठावा लागतो, नाही तर व्याज भांडवल खाऊन टाकते. अमेरिकेतल्या दोन कंपन्यांनाही ते झेपले नाही. जुलै २००८ मध्ये त्या एकत्र आल्या आणि २००९ च्या आरंभी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभ्या असताना लिबर्टी मीडियाच्या ५३ कोटी डॉलरच्या कर्जाने सावरल्या. आज तिचे तीन कोटींहून अधिक वर्गणीदार आहेत, आणि त्यांतील बहुतेक मोटारीतच ऐकतात.

वर्ल्डस्पेसला असा सावरणारा मिळाला नाही. २००५ मध्ये तिचे समभाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात आले तेव्हा उत्साह मोठा होता. परंतु भारतीय वर्गणीदाराकडून वर्षाला मिळणारी रक्कम अमेरिकन ग्राहकाच्या तुलनेत अगदी थोडी, मोटारीत सेवा पोहोचवण्याची सोय नाही, आणि संच विकण्यासाठी जाहिरातीचा व सवलतींचा खर्च प्रचंड. १७ ऑक्टोबर २००८ रोजी मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घेतला. त्यानंतरही वर्षभराहून अधिक काळ भारतात गाणी चालूच होती. डिसेंबर २००९ मध्ये वर्गणीदारांना कळवण्यात आले की कंपनीची मालमत्ता घेऊ पाहणारा खरेदीदार भारतातील वर्गणीव्यवसाय घेण्यास तयार नाही, त्यामुळे वर्षअखेरीस सेवा थांबेल. ज्यांनी नुकतीच पुढील काळाची वर्गणी भरली होती त्यांचे पैसे अडकले आणि ज्यांनी नुकताच संच घेतला होता त्यांच्या हाती पेटी उरली.

येथे जुन्या पेढ्यांवरील एक शिस्त आठवते. गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेतलेली रक्कम हाती आली तरी खतावणीत ती देण्याच्या बाजूला मांडली जाते. माल पोहोचेपर्यंत ती आपली नसते. वर्गणीवर चालणाऱ्या सेवेतही हिशेबाच्या वहीत नेमके हेच लिहिले जाते. फरक पडतो तो पुढे. पेढी बुडाली तर गिऱ्हाइक दारात येऊन उभे राहू शकते. दूर देशातल्या न्यायालयात धनकोंची रांग लागते तेव्हा तारण असलेले सावकार पुढे असतात आणि सांगलीचा वर्गणीदार त्या रांगेत कोठे उभा आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. एक वर्षाऐवजी अनेक वर्षांची वर्गणी एकदम भरल्यास सवलत, हा मोह कोणत्याही सेवेत तपासून पाहावा तो यासाठी. सवलतीची टक्केवारी दिसते. सेवा देणाऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज दिसत नाही.

उपग्रह मात्र आकाशातच होते. २०१० मध्ये समारा यांच्याच यझमी या नव्या कंपनीने ते घेतले आणि त्यांचा उपयोग शिक्षणासाठी करण्याचा मार्ग धरला. भारतातील ‘फरिश्ता’ आणि ‘गंधर्व’ यांचे श्रोते मात्र विखुरले. त्यांच्यापैकी अनेकांची भूक पुढे अगदी साध्या रीतीने भागली. मे २०१७ मध्ये सारेगामा कंपनीने कारवाँ हा संच बाजारात आणला, आत पाच हजार जुनी गाणी भरलेली. अँटेना आकाशाकडे वळवायला नको, वर्गणी नको, इंटरनेटही नको. घरातील वडीलधाऱ्यांना भेट देण्याजोगी वस्तू म्हणून ती झपाट्याने खपली. ग्राहकाला हवा होता तो उपग्रह नव्हेच. बटण दाबताच लागणारे जुने गाणे त्याला हवे होते. हे ओळखायला अवकाशात जाऊन यावे लागले, असे म्हणावे तर ते अगदीच चूक ठरणार नाही.

आज फोनवर लाखो गाणी मिळतात आणि ती उतरवूनही ठेवता येतात. पण बहुतेक ॲपमधील उतरवलेली गाणी वर्गणी चालू असेपर्यंतच वाजतात. इनो संचाची ती अट आज घरोघरच्या फोनमध्ये आहे, फक्त तिच्यावर आता कोणी खटला भरत नाही. ज्यांना वर्गणी नको आणि तरी उपग्रहावरचे शुद्ध संगीत हवे, त्यांच्यासाठी प्रसारभारतीची मोफत डीडी फ्री डिश सेवा आहे. तिच्यावर दूरदर्शनबरोबर आकाशवाणीच्याही अनेक वाहिन्या मिळतात. शास्त्रीय संगीतासाठी २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झालेली ‘रागम’ ही वाहिनी डीटीएचवर आणि आकाशवाणीच्या ॲपवर ऐकता येते. ‘गंधर्व’ची उणीव ती बरीचशी भरून काढते, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे, मात्र तिची माहिती अजून पुरेशा घरांत पोहोचलेली नाही.

माळ्यावर जुना संच असेल तर तो टाकण्यापूर्वी एकदा उलटून पाहावा. काही संचांत, विशेषतः हिताचीच्या पहिल्या संचांत, उपग्रहाबरोबर एफएम आणि मध्यमलहरीचीही सोय होती. ती चालू असण्याची शक्यता आहे. अनेक संचांचे ध्वनिक्षेपक आजच्या स्वस्त ब्लूटूथ स्पीकरपेक्षा चांगले आहेत आणि बाहेरून आवाज जोडण्याचे छिद्र असेल तर फोन तारेने जोडून ते पुन्हा वापरता येतात. यांपैकी काहीच नसेल तर तो इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावा, भंगारवाल्याकडे नव्हे. आणि आत जुने सेल राहिले असतील तर ते आधी काढावेत. इतक्या वर्षांत ते बहुधा पाझरले असतील.